वजिराच्या दारापाशी थांबलेली कादंबरी

परंडा, रविवार, ६ नोव्हेंबर १९६०

माझी पत्नी सौ. महादेवी लिंगैक्य होऊन आज अठ्ठावीस दिवस पूर्ण झाले. मी आजवर दैनंदिनी लिहिलेली नाही; शाळेचे टाचण हेच माझे एकमेव नियमित लेखन. परंतु अलीकडे सायंकाळी काही सांगण्यासारखे मनात येते, आणि मान वर करून पाहिले असता समोर कोणी नसते. म्हणून ही वही.

एक गोष्ट प्रथम नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. विषमज्वराच्या अकराव्या दिवशी तिने मला जवळ बसवून सांगितले, "माझा वर्ग बंद पडू देऊ नका. त्यांची गोष्ट अर्धीच राहिलीय." मी होय म्हटले. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही.

वर्ग म्हणजे प्रौढ स्त्रियांचा साक्षरता वर्ग. गेली दोन वर्षे तो आमच्या ओसरीवर सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते चार भरत असे. त्या वेळी मी हायस्कुलात गणित शिकवीत असल्यामुळे तो भरलेला मी एकदाही पाहिलेला नाही. समाजशिक्षण अधिकारी फेब्रुवारीअखेर तपासणीस येतील. उपस्थिती दहाच्या खाली आढळल्यास वर्ग बंद करून पाट्या, फळा व कंदील परत करावे लागतील, असे त्यांचे पत्र आहे.

मी शब्द दिलेला आहे.

शनिवार, १२ नोव्हेंबर

शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे शनिवार व रविवार दुपारी मी स्वतः वर्ग घेण्याचे ठरविले आहे. आज अकरा स्त्रिया आल्या. त्यांतील दोघींची ओळख झाली. गजराबाई या धनगर असून घोंगड्या विणतात. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज मोठा. सकिनाबी या पिंजाऱ्याच्या घरच्या, वयाने सर्वांत वडील आणि अत्यंत अबोल.

मी वाचनमालेतील 'सोनखत' हा पाठ घेतला. तो संपल्यावर गजराबाई म्हणाल्या, "मास्तर, मेंढराचं खत आमी रोज उचलताव. वाचायला बी त्येच का?"

बाकीच्या हसल्या. मी त्यांना आवडीचा विषय विचारला. एकदम चार-पाच जणी बोलल्या, "जादूचं! बाई वाचायच्या त्ये पुस्तक काढा की!"

तेव्हा मला तिच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळला. वर्गात एक कादंबरी वाचली जात होती आणि ती अर्धी राहिली आहे.

येथे एक गोष्ट लिहिणे मला कठीण जाते. दोन वर्षांपूर्वी तिने मला सोलापूरहून जादूच्या कादंबऱ्या आणण्यास सांगितले होते. "लहान मुलांच्या नव्हे हं, मोठ्या माणसांच्या," असे ती म्हणाली होती. मोठ्या माणसांसाठी असे लेखन नसते, असे सांगून मी 'आदर्श गृहव्यवस्था' या विषयावरील एक पुस्तक आणून दिले. तिने ते कपाळाला लावून फडताळात ठेवले. मग ही कादंबरी तिला दिली कोणी?

बुधवार, १६ नोव्हेंबर

घर धुंडाळले. तशी कादंबरी कोठेही नाही. सोलापूरच्या एका पुस्तकविक्रेत्यास पत्र लिहिले: 'प्रौढ वाचकांस योग्य अशा, परी, जिन, मायानगरी इत्यादी विषयांवरील मराठी कादंबऱ्यांची यादी कृपया पाठवावी.'

मंगळवार, २९ नोव्हेंबर

उत्तर आले. सोबत बालवाङ्मयाची यादी. वाचकांचे वय तीस ते साठ असल्याचे मी उलट टपाली कळविले.

शनिवार, १० डिसेंबर

दुसरे उत्तर. या वेळी ऐतिहासिक कादंबऱ्या आणि एक आरोग्यविषयक पुस्तिका. पत्राच्या शेवटी विक्रेत्याने स्वहस्ते लिहिले आहे, 'आपल्या रुग्णांस लवकर आराम पडो.' त्यांचा काय समज झाला असावा, हे मला उमगत नाही.

वर्गास नऊ.

गुरुवार, २९ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत बार्शीमार्गे सोलापूरला जाऊन आलो. विक्रेते सज्जन आहेत. मी नाव सांगताच ते गादीवरून उठलेच.

"तुम्हीच का ते परंड्याचे! मला वाटलं, इस्पितळाचं पत्र आहे. मास्तर, मोठ्या माणसांना राक्षस-परी कशाला? त्यांना संसार असतो की."

"त्यांना हवे आहे," मी म्हणालो.

"आणि तुम्हाला?"

या प्रश्नाचा व्यवहाराशी संबंध नव्हता. त्यांनी माळ्यावरून तीन जुन्या कादंबऱ्या काढून फडक्याने पुसल्या. एकीत बोलणारे झाड, दुसरीत मंतरलेला आरसा, तिसरीत समुद्राखालचे राज्य. परतीच्या गाडीत मी पहिलीची चाळीस पाने वाचली. झाड जे बोलते ते आवश्यकतेपेक्षा अधिक बोलते. तरीही कुर्डुवाडीकडचा फाटा गेलेला मला कळला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

रविवार, १ जानेवारी १९६१

बोलणाऱ्या झाडाचे वाचन केले. कठीण शब्द आल्यास थांबून अर्थ सांगितला, सामासिक शब्दांचा विग्रह केला. तिसऱ्या पानावर गजराबाईंनी हात वर केला.

"मास्तर, रागावू नगा. तुमी वाचताव का हजेरी घेताव?"

"ही परी लई रडती," अयोध्या म्हणाली. अयोध्या ही वर्गातील सर्वांत तरुण, बाविशीची असावी. सासू तिला केवळ या वर्गापुरते बाहेर पाठविते. "आमच्या पुस्तकातली बाई रडत नव्हती. दुपारचं काम आवरून भाईर पडायची."

"हे दुसरे पुस्तक आहे," मी म्हणालो.

"त्येच म्हनताव आमी," गजराबाई म्हणाल्या.

रविवार, १५ जानेवारी

मंतरलेला आरसा नापसंत. समुद्राखालच्या राज्याबद्दल, 'इतकं पानी कुणी बघितलंय?' असा शेरा मिळाला. उपस्थिती आठ.

काल संक्रांत झाली. त्या आठ जणींनी वर्ग सुटताना कागदात बांधलेला तिळगूळ फळ्याखाली ठेवला. माझ्या हातात देण्यास संकोचल्या असाव्यात. मी त्यांना थांबवून मूळ कादंबरीचे कथानक सांगण्याची विनंती केली; वर्णनावरून पुस्तक ओळखता येईल असा माझा विचार होता. सर्वजणी एकदम बोलू लागल्या. मी मुद्दे टिपून घेतले, ते असे.

मुस्तकीम नावाचा एक वजीर असतो. मुस्तकीम म्हणजे सरळ. नाव समर्पक आहे. त्याचे बोलणे इतके सरळ की त्याच्या शब्दांची वीट होते. त्या विटांनी तो एक नगर बांधतो. त्यात एकही वाकडी गल्ली नाही. त्याची पत्नी त्या नगरात सुखात असते, पण तिच्या पायांना वाकडे चालण्याची ओढ असते. रोज दुपारी वजीर दरबारात गेला की घराच्या मागील भिंतीत एक दार उमटते. पलीकडे दुसरे नगर आहे. तेथील गल्ल्या वळतात, झाडे जागा बदलतात, आणि मुसल्लस नावाचा तीन डोक्यांचा जिन वेशीवर बसून येणाऱ्या बायकांना विचारतो, 'आज काय हवंय?' संध्याकाळी ती परत येते आणि वजिराला जेवू घालते. त्याला काही कळत नाही.

एके दिवशी वजीर वेळेआधी घरी येतो. दार उघडे आहे. पत्नी पलीकडे गेलेली आहे. तो दारापाशी उभा राहतो. त्याच्या एका हातात वीट आहे.

"आणि मग?" मी विचारले.

"मग बाई आजारी पडल्या," अयोध्या म्हणाली.

माझे मत: वजीर हे या कथेतील सर्वांत विचारी पात्र आहे. पत्नीने त्याला विश्वासात घेतले असते तर पुढील प्रसंग टळला असता. ती सांगत का नाही, याचे कारण लेखकाने दिलेले दिसत नाही.

पुस्तकाचे वर्णन: तांबडा कापडी पुठ्ठा, पानोपानी चित्रे. गजराबाई म्हणाल्या, "आन उलटं उघडायचं. बाई म्हनायच्या, जादूचं पुस्तक उलटंच उघडतं." उजवीकडून उघडणारे पुस्तक उर्दू असू शकेल. परंतु तिला उर्दूचे एक अक्षरही वाचता येत नव्हते, त्यामुळे ती शक्यता बाद होते. बांधणीत दोष असावा. 'मुसल्लस' हा उर्दू भूमितीत त्रिकोणाला शब्द आहे. त्यावरून लेखक माझ्याप्रमाणेच हैदराबादेस शिकलेला असावा असा तर्क करतो.

शुक्रवार, २० जानेवारी

शाळेतील उर्दूचे शिक्षक फकरुद्दीन यांना ही कादंबरी ठाऊक असेल म्हणून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी शेकडो दास्ताने, म्हणजे उर्दू अद्भुतकथा, वाचलेल्या आहेत. मी कथानक क्रमाने सांगितले. तीन डोक्यांचा मुसल्लस आला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. वजीर मुस्तकीम दारापाशी आला तेव्हा ते हसत होते, आणि त्याच वेळी डोळेही पुसत होते.

"वाचलीत का आपण?" मी विचारले.

"नाही हो, मास्तर. आपल्या नशिबी कुठली! पण लिहिणारी व्यक्ती मोठी असली पाहिजे."

"लिहिणारा कोण ते कळले तर मागविता येईल."

"शरणबसप्पा," ते म्हणाले, "तुमच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. थोडा घरात शोध घ्या."

घर मी आधीच धुंडाळले आहे असे सांगून मी उठलो. मित्राच्या दुःखात हसणे मला अनुचित वाटले.

रविवार, ५ फेब्रुवारी

उपस्थिती पाच. सोलापूर, पुणे व औरंगाबाद येथील सात विक्रेत्यांना पत्रे झाली. अशा कथानकाची कादंबरी कोणाच्याच पाहण्यात नाही.

ज्या एका कामासाठी तिने मला विनंती केली ते माझ्याच्याने झाले नाही. अधिकारी येऊन वर्ग बंद करण्यापूर्वी आपण होऊन साहित्य परत करणे अधिक योग्य.

शनिवार, ११ फेब्रुवारी

परत करावयाच्या साहित्याची यादी करण्यासाठी वर्गाची पेटी उघडली. ती सरकारी मालमत्ता असल्यामुळे, आणि पाट्या, फळा व कंदील ओसरीवर बाहेरच असल्यामुळे, मी तिला आजवर हात लावला नव्हता. खडूंची खोकी तीन. अंकलिप्या अकरा. तळाशी, तिच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले, तांबड्या कापडी पुठ्ठ्याचे एक पुस्तक.

ते माझे आहे. 'इल्मे हिंदसा', भूमितीचे उर्दू पुस्तक. हैदराबादच्या विलीनीकरणापूर्वी शाळेचे माध्यम उर्दू होते तेव्हा मी यावरून नववीला शिकवीत असे. रात्री टाचण काढताना व्याख्या मोठ्याने म्हणण्याची मला सवय होती. मुसल्लस. दायरा, म्हणजे वर्तुळ. खत-ए-मुस्तकीम, म्हणजे सरळ रेषा. ती भाकरी थापत असे. ऐकत असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

पृष्ठ १४ वरील त्रिकोणाच्या तिन्ही कोनांत पेन्सिलीने डोळे काढलेले आहेत. पृष्ठ ३१ वरील वर्तुळाला मध्यबिंदूचे कुंकू आहे. पृष्ठ ६ वर सरळ रेषेची आकृती आहे. तिला चष्मा घातलेला आहे, आणि त्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे.

माझ्या चष्म्याची डावी काडी दोन वर्षे दोऱ्याने बांधलेली होती.

पुस्तकावर रेघोट्या ओढलेल्या मला खपत नाहीत, हे तिला ठाऊक होते.

रविवार, १२ फेब्रुवारी

वर्ग घेतला नाही. पृष्ठ ६ पाहत बसलो.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

ती मला सांगत का नसे, याचे कारण लेखकाने दिलेले नाही असे मी महिन्यापूर्वी लिहिले. खोडण्याचा विचार केला. खोडले नाही. तिने एकदा विचारले होते, आणि मी गृहव्यवस्थेचे पुस्तक आणून दिले होते. कारण दिलेले आहे. मी ते वाचले नाही.

आता दुसरा प्रश्न. त्या स्त्रियांना दोन वर्षे जे पुस्तक म्हणून ऐकविले गेले ते पुस्तक नव्हते. हे मला ठाऊक असताना लपविणे योग्य नाही. सांगितल्यास तिच्यावरील त्यांचा विश्वास जाईल. मग एकही येणार नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

अयोध्येकरवी निरोप देऊन सर्वांना बोलाविले. तेरा आल्या. रमजान सुरू झाला आहे. सकिनाबी रोजा धरून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी उभे राहून तांबडे पुस्तक पुढे धरले.

"ही कादंबरी नाही," मी म्हणालो. "ही भूमिती आहे. माझ्या पत्नीला ही वाचता येत नव्हती. तिने तुम्हांला जे वाचून दाखविले ते यात लिहिलेले नाही. तिच्या वतीने मी आपली क्षमा मागतो."

मग सकिनाबींनी पदर सारखा केला.

"मास्तरसाब, मी कुराण शरीफ वाचत्ये. अलिफ, बे मला कळती. पयल्याच दिवशी बगितलं म्या. किस्सा न्हवता त्यो."

"मग आपण बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? पुस्तकात न्हवतं, बाईच्या तोंडात हुतं. आमाला ऐकायशी मतलब."

"आन आमाला काय डोळे न्हाईत?" गजराबाई म्हणाल्या. "पानावर चार वळी, आन बाई अर्धा तास वाचायच्या! पान उलटायचं बी इसरायच्या. मी म्हनायची, बाई, पान उलटा, कुणी बगंल."

सर्वजणी हसल्या. मी खाली बसलो. तेरा जणींना ठाऊक होते. फकरुद्दीन यांना एका भेटीत कळले.

"मग तिने पुस्तक हातात धरलेच कशाला?" मी विचारले.

"आमच्यासाठी, मास्तर," अयोध्या म्हणाली. "पुस्तक असलं की वर्ग असतोय. माझी सासू दोनदा येऊन दारातून डोकावून गेली. बाईच्या हातात पुस्तक बगितलं आन गेली. नुसत्या बसून बोलताव म्हनलं असतं तर तिनं उंबरा वलांडू दिला असता का?"

मी महादेवीला दोन वर्षे ओळखत नव्हतो असे म्हणणे चूक ठरेल. लग्नाची सारी एकोणीस वर्षे म्हणावे लागेल.

उठताना मी विचारले, वजीर वाईट आहे असे ती सांगत असे का. माझा आवाज स्थिर होता असे मला वाटते. उत्तर सकिनाबींनी दिले.

"न्हाय, न्हाय. बाई म्हनायच्या, वजीर लई चांगला. त्याला वाकडी वाट कुणी दावलीच न्हाय, त्याला त्यो काय करंल?"

"तुमी धरा की पुस्तक," गजराबाई म्हणाल्या. "पुढचं सांगा."

"मला नसलेले रचता येत नाही."

"मग नका रचू. वजिराला काय वाटतं तेवढंच सांगा. बाकीचं आमी बगताव."

रविवार, २६ फेब्रुवारी

अधिकारी काल येऊन गेले. उपस्थिती चौदा. माझ्या मांडीवरील पुस्तकाकडे पाहून त्यांनी विषय विचारला. भूमिती, असे मी सांगितले. "स्त्रियांना भूमिती! स्तुत्य," असे म्हणून त्यांनी शेरेबुकात तसे लिहिले व वर्गास एक वर्षाची मुदतवाढ दिली. माझे उत्तर असत्य नव्हते. गजराबाईंना मात्र पदर तोंडात धरावा लागला.

आज प्रत्यक्ष प्रारंभ केला. पुस्तक उजवीकडून उघडले. चौदा जणी वाट पाहत होत्या, आणि मला घाम आला होता.

"वजीर दारापाशी उभा आहे," मी म्हणालो. "त्याला भीती वाटते."

"कशाची?" अयोध्येने विचारले.

"आत गेल्यावर तो कोणाच्याही उपयोगी पडणार नाही, याची. त्याला तिथली रीत ठाऊक नाही."

"आन वीट?"

"वीट जड आहे. तो ती खाली ठेवतो."

"ठेवली एकदाची!" गजराबाई म्हणाल्या.

वजीर आत गेला. वेशीवर मुसल्लस होता. आज काय हवंय, असे त्याने तिन्ही तोंडांनी विचारले. वजिराला उत्तर देता आले नाही, म्हणून जिनाने त्याला तसेच आत सोडले. पुढे दोन गल्ल्या आल्या. मी त्याला उजवीकडे नेले.

"तिकडं कुठं?" तिघी-चौघी ओरडल्या. "उजवीकडं सरळ रस्ता हाय. ती तिकडं कशाला जाईल? डावीकडं न्या!"

मी त्याला डावीकडे वळविले. गल्ली वळली. एक झाड उठून पलीकडे जाऊन बसले. ते कोणी सांगितले मला आठवत नाही, बहुधा मीच. एका दारातून पीठ मळल्याचा वास आला, तेथे ती नव्हती. एका विहिरीवर बायका हसत होत्या, तेथूनही ती नुकतीच गेली होती. घागर अजून ओली होती.

"भेटू द्या की त्याला," अयोध्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "किती फिरवताव!"

मी सकिनाबींकडे पाहिले. दिवसभराच्या उपासाने त्यांचा आवाज खोल गेला होता.

"नको, मास्तरसाब. भेटली की किस्सा संपतो. चालू द्या त्याला."

म्हणून मी त्याला चालू दिले. सूर्यास्ताची, मगरिबची बांग होईपर्यंत तो चालत होता, आणि बायका त्याला वाट सांगत होत्या.